पिंजऱ्याच्या आतून दिसणारे प्रेक्षक

एडविन लँडसियर या इंग्रज चित्रकाराचं ‘आयझॅक व्हॅन अँबर्ग आणि त्याची जनावरं’ हे सिंह-वाघांचे खेळ करणाऱ्या माणसाचं १८३९चं तैलचित्र पाहताना नजर आधी सिंहाकडे जाते, मग माणसाकडे, मग त्याच्या कुशीतल्या कोकराकडे. गज दिसतात ते सगळ्यात शेवटी, आणि दिसले की जरा गोंधळायला होतं. कारण ते आपल्या आणि जनावरांच्या मध्ये नाहीत. जनावरं आपल्या बाजूला आहेत, गज त्यांच्या पाठीमागे, आणि गजांच्या पलीकडे प्रेक्षक. म्हणजे आपण पिंजऱ्यात उभे आहोत.

जनावरांच्या खेळाची चित्रं युरोपात ढिगाने आहेत. रिंगणातला घोडा, नाचणारं अस्वल, टोपी घातलेलं माकड. बहुतेक ठिकाणी चित्रकार तिकीट काढून आलेल्या माणसाच्या जागेवर बसलेला असतो आणि त्याच्यासोबत आपणही तिथेच बसतो. लँडसियर ती जागा सोडून उठला. तो का उठला आणि कोणासाठी उठला, एवढ्याच प्रश्नासाठी हे प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. चित्र सुमारे ११३ सेंटिमीटर उंच आणि १७५ सेंटिमीटर रुंद आहे. राणी व्हिक्टोरियाने ते सांगून काढून घेतलं, त्याच वर्षी ते रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं आणि आजही ते ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे.

चित्रात काय आहे ते आधी सांगतो. व्हॅन अँबर्ग रोमन धाटणीच्या पोशाखात आडवा रेलला आहे. त्याच्याजवळ कोकरू. भोवती सिंह, सिंहीण, वाघ, बिबटे, अगदी अंगाला अंग लागेल इतके जवळ. माणूस निवांत आहे, जवळजवळ घरच्या बैठकीत टेकावं तसा. जनावरांची कातडी, आयाळ, ठिपके, पंजांचं वजन हे सगळं लँडसियरने अशा हाताने रंगवलं आहे की त्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही. प्राणी रंगवण्यात त्या काळी इंग्लंडमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लहानपणी तो लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरच्या एक्सेटर चेंज या इमारतीत जायचा. तिथे वरच्या मजल्यावर सिंह-वाघांचे पिंजरे मांडलेले असत, आणि तो तिथे उभं राहून रेखाटनं करायचा. मेलेल्या सिंहाची चिरफाड करून त्याने स्नायू अभ्यासले होते. ट्रॅफल्गार चौकात १८६७ साली बसवलेले चार सिंह त्याचेच. तेव्हा सिंह घाबरला की कसा दिसतो हे लँडसियरला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला वाव नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

खेळ कुठे झाला आणि त्यावरून वाद का झाला

व्हॅन अँबर्ग अमेरिकेचा, न्यूयॉर्क राज्यातल्या फिशकिल गावचा. गावोगाव फिरणाऱ्या मेनाजरीत, म्हणजे पिंजऱ्यातली जनावरं पैसे घेऊन दाखवणाऱ्या धंद्यात तो वाढला. १८३३च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये तो सिंहांच्या पिंजऱ्यात उतरून खेळ करू लागला. सिंहाच्या जबड्यात डोकं घालण्याच्या करामतीचं श्रेय बऱ्याचदा त्यालाच दिलं जातं. १८३८ साली तो लंडनला आला, आधी अ‍ॅस्टलीच्या सर्कशीच्या रिंगणात गाजला आणि मग ड्रुरी लेनच्या रंगमंचावर पोचला.

खरी खळबळ उडाली ती या शेवटच्या टप्प्यामुळे. ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन ही लंडनची दोन परवानाधारक नाट्यगृहं. गंभीर संवादनाट्य करण्याचा हक्क कायद्याने मुख्यतः त्यांच्याकडे होता आणि ही मक्तेदारी १८४३च्या कायद्याने मोडेपर्यंत टिकली. अशा ठिकाणी व्यवस्थापक आल्फ्रेड बन याने सिंहांचा पिंजरा आणून ठेवला. त्याच वेळी कॉव्हेंट गार्डनमध्ये विल्यम मॅक्रीडी हा नट-व्यवस्थापक शेक्सपिअर नेटाने करत होता. एकीकडे शेक्सपिअर, दुसरीकडे बिबटे, आणि गर्दी कुठे जाते हे सगळं शहर बघत होतं. बनला मात्र कसलीच लाज नव्हती. त्याचा गल्ला भरत होता, आणि त्यात खुद्द राणी त्याच्याकडे येऊ लागली.

व्हिक्टोरिया तेव्हा १९ वर्षांची. गादीवर येऊन दीड वर्ष झालेलं, लग्न अजून व्हायचं होतं. जानेवारी १८३९मध्ये ती पहिल्यांदा हा खेळ बघायला गेली आणि मग त्या हिवाळ्यात पुनःपुन्हा जात राहिली. तिच्या रोजनिशीतल्या नोंदी या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा आहेत. तो जनावरांचे पंजे धरतो, त्यांना खाली पाडतो, डरकाळ्या फोडायला लावतो, चिडवून वर त्यांच्यावरच पडून राहतो, असं ती लिहिते. जनावरं त्याच्या भयंकर भीतीखाली असल्यासारखी दिसतात, हेही ती लिहिते. आणि लगेच पुढे, हे बघायला फार सुंदर वाटतं, आपल्यालाही असं करता यावं असं वाटतं, या अर्थाचं वाक्य येतं. त्याचे डोळे भलतेच तिरळे आहेत, हेदेखील तिच्या नजरेतून सुटलं नाही. गंमत अशी की व्हॅन अँबर्गच्या नजरेत जादू आहे, तो नुसत्या डोळ्यांनी जनावराला जागच्या जागी खिळवतो, अशी त्याची ख्याती होती.

२४ जानेवारीला खेळ संपल्यावर राणी थांबली. प्रेक्षागृह रिकामं झाल्यावर ती रंगमंचावर गेली आणि जनावरांना मांस घालताना पाहिलं. त्या रात्रीचा प्रसंग रंगावा म्हणून जनावरांना आधी ३६ तास उपाशी ठेवलं होतं, असं त्या काळच्या हकिगतीत येतं. यानंतर लँडसियरला चित्राचं काम मिळालं.

भीती कुठे गेली?

आता राणीची नोंद आणि चित्र शेजारी शेजारी ठेवून बघा. राणीने भीती पाहिली, ती कागदावर उतरवली आणि तिचा आनंदही लपवला नाही. चित्रात ती भीती जवळपास पुसलेली आहे. रोजनिशीत पाडणं, चिडवणं, डरकाळ्या, आणि चित्रात शांतता. माझ्या मते जनावरांच्या बाबतीत हे चित्र खोटं बोलतं आणि १९ वर्षांची मुलगी खरं बोलते.

हे खोटं निरागस नाही, त्याची सोय बायबलमधून केलेली आहे. यशयाच्या अकराव्या अध्यायात जगात शांती नांदेल त्या दिवसाचं वर्णन आहे: हिंस्र आणि गरीब जनावरं एकत्र बसतील, लहान मूल त्यांना हाकेल. सगळ्यांच्या डोक्यात त्यातलं जे जोडपं असतं ते सिंह आणि कोकराचं. खरं तर त्या वचनात कोकराच्या सोबतीला लांडगा आहे, सिंह वासराच्या बाजूला येतो. पण लोकांच्या मनात बसलेली प्रतिमा वचनापेक्षा भारी पडते. व्हॅन अँबर्गला हे पक्कं ठाऊक होतं. तो खेळात खरंच कोकरू घेऊन पिंजऱ्यात शिरायचा. लँडसियरने ते कोकरू उचलून चित्राच्या मध्यभागी आणलं, की सगळ्या दृश्याला त्या शांतीच्या दिवसाची झळाळी मिळते. पहार, चाबूक, उपास हे सगळं त्या झळाळीत दिसेनासं होतं.

पहारीचा उल्लेख मी उगाच करत नाही. व्हॅन अँबर्ग जनावरांना लोखंडी पहारीने झोडपून कह्यात आणत असे, असं त्याच्याबद्दल वारंवार लिहिलं गेलं आहे. टीका झाली तेव्हा त्यानेही बायबलचाच आधार घेतला, देवाने माणसाला पशूंवर सत्ता दिली आहे असं म्हणून, असंही सांगतात. एकाच ग्रंथातली दोन वचनं, एक तह सांगणारं आणि एक हुकमत सांगणारं. हा माणूस दोन्ही खिशात घेऊन फिरत होता आणि लागेल तसं एकेक काढत होता.

इथे जरा जनावराच्या बाजूने बघू. बर्न, बाझेल आणि झ्युरिकच्या प्राणिसंग्रहालयांचा कारभार पाहिलेला हाइनी हेडिगर हा स्विस प्राणिशास्त्रज्ञ विसाव्या शतकात सर्कशीच्या जनावरांवर बारकाईने लिहून गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक जंगली जनावराला शत्रूपासून ठरावीक अंतर हवं असतं. त्या अंतराच्या आत कोणी आलं की ते पळतं. पळायला वाट उरली नाही आणि शत्रू आणखी जवळ आला, की ते उलटून हल्ला करतं. जाणता शिक्षक याच काठावर काम करतो. एक पाऊल आत टाकलं की सिंह पुढे येतो, मागे घेतलं की थांबतो, आणि मध्ये स्टूल ठेवलं तर त्यावर चढतो. प्रेक्षकाला वाटतं सिंहाने हुकूम ऐकला. पण यासाठी मोकळी जागा लागते. हांबुर्गच्या कार्ल हागेनबेकने मोठा गोल पिंजरा आणि खाऊ देऊन शिकवण्याची पद्धत रूढ केली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

ड्रुरी लेनच्या रंगमंचावर मांडलेल्या पिंजऱ्यात असं अंतर राखायला जागा कुठून येणार? तिथे माणूस थेट जनावराच्या अंगावरच असायचा. पळता येत नाही, उलटलं तर पहार. अशा जनावराकडे तिसरा मार्ग एकच उरतो, हातपाय गाळून पडून राहायचं. चित्रातली ती लोळणारी, अंगाला अंग लावून पडलेली जनावरं या माहितीने पुन्हा बघितली, की त्यांच्या निवांतपणाचा वेगळाच अर्थ लागू लागतो. लँडसियरने हा अर्थ मुद्दाम ठेवला असं मी म्हणत नाही. त्याने जे शरीर पाहिलं ते इतकं नेमकं उतरवलं की त्याच्या गोड गोष्टीला न जुमानता ते शरीर आपलं म्हणणं मांडत राहतं.

गजांपलीकडची माणसं

आता प्रेक्षकांकडे येऊ. त्या काळातल्या नाट्यगृहाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ड्रुरी लेनमध्ये १८१७पासून गॅसचे दिवे होते, आणि खेळ चालू असताना प्रेक्षागृहात अंधार करण्याची रीत अजून पडलेली नव्हती. सज्जातले, खालच्या बाकांवरचे, वरच्या गॅलरीतले सगळे एकमेकांना दिसायचे. लोक नाटक बघायला जितके येत तितकेच एकमेकांना बघायला येत, आणि राणी सज्जात असली की अर्ध्या माना तिकडेच वळलेल्या. त्यामुळे पिंजऱ्याच्या आतून प्रेक्षक स्पष्ट दिसतात ही लँडसियरची कल्पनाभरारी नव्हे. रंगमंचावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला ते तसेच दिसत असणार.

पण दिसणं वेगळं आणि चित्रात घेणं वेगळं. गजांच्या पलीकडे अडकलेल्या चेहऱ्यांचा परिणाम असा होतो की क्षणभर कोंडलेले ते वाटतात. आतल्यांना वाव आहे, ऐसपैस पसरलेत, आणि बाहेरचे दाटीवाटीने गजांना लागून उभे. काही अभ्यासक यात चित्रकाराचा टोमणा वाचतात: खरे पशू कोण, वगैरे. मला हे वाचन फार सोपं वाटतं. दरबाराचा लाडका चित्रकार, राणीने सांगितलेलं काम, राणीचा आवडता खेळ. अशा ठिकाणी तो प्रेक्षकांना पशू ठरवायला बसला असेल, हे पटत नाही.

मला दुसरं एक कारण दिसतं, आणि ते राणीच्याच वाक्यात आहे. ‘आपल्यालाही असं करता यावं.’ सज्जातून बघणाऱ्या कोणालाही हवी असलेली पण मिळू न शकणारी जागा एकच, पिंजऱ्याच्या आतली. २४ जानेवारीच्या रात्री व्हिक्टोरिया रंगमंचावर गेली तेव्हा ती त्या जागेच्या जितकी जवळ जाता येईल तितकी गेली होती. पिंजरा समोर आणि त्यापलीकडे रिकाम्या बाकांच्या रांगा, हे दृश्य त्या रात्री तिला दिसलं असेल. लँडसियरने उरलेली दोन पावलं तिला टाकायला लावली. चित्राची मालकीण चित्रासमोर उभी राहिली की ती सिंहांच्या सोबत असते, आणि जनता गजांच्या पलीकडे. नुकतीच गादीवर बसलेल्या, सगळीकडून टक लावून बघितल्या जाणाऱ्या मुलीसाठी याहून हुशार भेट कोणती असेल? हा पुरावा नव्हे, माझा तर्क आहे, पण चित्राचा कोन आणि रोजनिशीतली इच्छा एकमेकांत इतकी चपखल बसतात की तो सोडवत नाही.

हा तर्क धरला तर भीती का पुसली तेही कळतं. जिथे राणीला नेऊन उभं करायचं, तिथे पहार पडलेली दिसून चालणार नव्हती.

कायदा काय म्हणत होता

हे सगळं चाललं तेव्हा इंग्लंड प्राण्यांच्या छळाबद्दल बेफिकीर होता असं मुळीच नाही. १८२२ साली गुराढोरांना क्रूर वागणूक देण्याविरुद्धचा कायदा झाला. १८२४ला प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था लंडनमध्ये निघाली. १८३५च्या कायद्याने बैल आणि अस्वलांवर कुत्रे सोडण्याचे, कोंबडे झुंजवण्याचे खेळ बंद केले. पण पाळीव जनावर हा या कायद्यांचा कणा होता. पिंजऱ्यातला सिंह त्यात बसत नव्हता. कैदेतल्या जंगली प्राण्यांसाठी वेगळा कायदा आला तो १९०० साली, आणि खेळ करणाऱ्या जनावरांसाठी नोंदणी आली ती १९२५मध्ये. थोडक्यात, ड्रुरी लेनच्या पिंजऱ्यात जे काही होत होतं त्यातलं बहुधा काहीही गुन्हा नव्हतं.

आणि हे चित्र लागल्यानंतर एकाच वर्षात, १८४०मध्ये, याच राणीने त्या प्राणिदया संस्थेला ‘रॉयल’ हे बिरुद दिलं. यात ढोंग शोधायचा मोह होतो. पण त्या काळच्या सुशिक्षित मनात हे दोन कप्पे खरोखरच वेगळे असावेत: गाडीवानाने घोड्याला मारणं हे हलक्या लोकांचं क्रौर्य, आणि व्हॅन अँबर्गने सिंहाला लोळवणं हे पुरुषार्थाचं दर्शन. एकात दुबळं जनावर, दुसऱ्यात बलवान. मार तोच, पण मार खाणारा राजबिंडा असला की त्याला शौर्य म्हणायचं. कायद्याची रेघही नेमकी याच जागी ओढलेली होती.

दुसरं चित्र

प्रकरण इथे संपलं असतं, पण लँडसियरला हाच विषय दुसऱ्यांदा रंगवावा लागला. ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे वॉटर्लूचा विजेता, यालाही व्हॅन अँबर्गचं चित्र हवं होतं. ते १८४७ साली रॉयल अकॅडमीत लागलं. आज ते अमेरिकेत न्यू हेवनच्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहे. नावच लांबलचक: लंडनच्या नाट्यगृहांत आपल्या जनावरांसह तो जसा दिसला तसं श्रीयुत व्हॅन अँबर्गचं व्यक्तिचित्र.

यात कोकराची शांती नाही. व्हॅन अँबर्ग ताठ उभा आहे, हात पुढे करून बोट दाखवतो आहे, आणि मोठमोठी मांजरं अंग चोरून मागे सरकत आहेत. पाठी वाकलेल्या, डोकी खाली. आठ वर्षांपूर्वी पुसलेली भीती इथे उघड्यावर आहे. वेलिंग्टनच्या मनात बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं, माणसाला पशूंवर सत्ता देणारं वचन होतं, अशी आठवण नोंदलेली आहे. म्हणजे राणीच्या चित्राला यशया आणि सेनापतीच्या चित्राला उत्पत्ती. व्हॅन अँबर्गच्या दोन खिशांतली दोन वचनं दोन गिऱ्हाइकांनी वाटून घेतली.

चित्र म्हणून दुसरं मला डावं वाटतं. ते आकाराने मोठं आहे, पण अवघडलेलं. बोट दाखवणारा तो माणूस जाहिरातीतला वाटतो, आणि आतून बाहेर बघण्याची ती विलक्षण युक्ती या चित्राच्या जमेला नाही. तरी जनावरांचं काय होत होतं हे ज्याला जाणून घ्यायचं आहे त्याने हेच बघावं. अंग चोरणारा बिबट्या खोटा नाही. १८३९च्या चित्रातली लोळणारी जनावरं आणि १८४७च्या चित्रातली दबलेली जनावरं, ही एकाच खेळाची दोन रूपं एकाच हाताने रंगवलेली आहेत. दोन्हीसाठी त्या हाताला मिळालेली फर्माईश तेवढी निराळी होती.